वेस्टचे बारा जण: मानवंदना झाली, मग पुढे?

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. वेस्ट हे गावाचं नाव आहे, दिशा नाही. टेक्सासमध्ये डॅलसहून खाली वेकोकडे जाताना इंटरस्टेट ३५ ला लागून हे गाव आहे, वस्ती जेमतेम २८००, जुनी घराणी बरीचशी चेक लोकांची, आणि नाव पडलंय ते पहिल्या पोस्टमास्तरच्या आडनावावरून. हायवेवरून जाणारे लोक कोलाची नावाचा गोड पाव घ्यायला थांबायचे, गावाची ओळख एवढीच. १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी तिथल्या खत कारखान्यात आग लागून स्फोट झाला, मदतीला गेलेले बारा जण त्यात गेले आणि ती ओळख बदलली.

छोट्या गावातले व्हॉलंटियर फायरमन, पोलीस, अँब्युलन्सवाले यांचा सन्मान कसा करायचा असा विषय निघाला की गाडी लगेच समारंभावर येते. आपल्याकडे शाल-श्रीफळ, तिकडे बॅगपाइप आणि पितळी पाटी. मला त्यात काही खटकत नाही, उलट ते हवंच. पण वेस्टचं प्रकरण नीट उलगडून बघितलं तर कळतं की सन्मानाचे जे अवघड भाग आहेत ते स्टेजवर दिसतच नाहीत, ते फाइलीत, इन्शुरन्सच्या कागदात आणि चौकशी अहवालात पडलेले असतात आणि तिथे कोणी फुलं घेऊन जात नाही. म्हणून हे एकच प्रकरण घेतोय, सुरुवातीपासून.

व्हॉलंटियर म्हणजे कोण

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाल चकचकीत बंब आणि खांबावरून घसरत खाली येणारे पगारी जवान येतात. ते मोठ्या शहरात. देशातल्या दर १० फायरमनपैकी साधारण ७ व्हॉलंटियर असतात आणि छोट्या गावात तर जवळपास सगळेच. म्हणजे दिवसा कोणी वेल्डिंग करतो, कोणी शेती करतो, कोणी दुकान चालवतो, पेजर वाजला की हातातलं काम टाकून स्टेशनकडे पळतो. पोलीस पगारी असतात पण गाव छोटं म्हणजे फोर्सही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

वेस्टमध्ये तर एकेका माणसाच्या दोन-दोन टोप्या. गावाचा मेयर टॉमी मुस्का स्वतः फायर दलात व्हॉलंटियर. गावाचा सिटी सेक्रेटरी दलात. ज्या खत कारखान्यात आग लागली त्याचा फोरमनसुद्धा दलात. आग लागली की जो पळतो तोच उद्या सकाळी नगरपालिकेत तुमचं पाण्याचं बिल बघणार असतो, हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

अजून एक गोष्ट. टेक्सासमध्ये पगारी फायरमनला राज्याचं सर्टिफिकेट लागतं, पोलिसाला लायसन्स लागतं, पण व्हॉलंटियर फायरमनला किमान अमुक इतकं ट्रेनिंग हवंच अशी कायद्याची अट नव्हती. दल आपापल्या ऐपतीप्रमाणे शिकवणार. आणि ऐपत म्हणजे काय, देणग्या आणि जेवणावळीतून उभा केलेला पैसा.

ती बावीस मिनिटं

संध्याकाळी ७:२९ ला ९११ वर फोन गेला की वेस्ट फर्टिलायझर कंपनीच्या गोदामाला आग लागलीय. दल काही मिनिटांत पोचलं. नेमका त्या वेळी गावातल्या अँब्युलन्स सर्व्हिसच्या बिल्डिंगमध्ये ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर प्रथमोपचार करणाऱ्यांचा, क्लास चालू होता, आजूबाजूच्या गावांतले व्हॉलंटियर शिकायला आलेले, त्यातलेही काहीजण उठून आगीकडे गेले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यांचं गावही नव्हतं. डॅलस फायर दलाचा एक कॅप्टन वेस्टमध्ये राहायचा, त्या दिवशी ड्युटीवर नव्हता, तोही गेला. दलात नाव नसलेले दोन गावकरी मदत करू म्हणून गेले.

इकडे पोलीस आणि बाकीचे लोक जवळची घरं रिकामी करायला लागले, रस्ते अडवायला लागले. कारखान्यापासून काहीशे फुटांवर म्हाताऱ्या लोकांची देखभाल करणारं नर्सिंग होम, एक अपार्टमेंट आणि एक शाळा होती. ऐकायला विचित्र वाटेल पण कारखाना १९६० च्या दशकातला, गावच हळूहळू सरकत त्याच्या अंगाला येऊन भिडलं. शाळा संध्याकाळी रिकामी होती हे नशीब. नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या लोकांना आगीच्या बाजूच्या खोल्यांतून काढून बिल्डिंगच्या पलीकडच्या बाजूला हलवलं गेलं. हा निर्णय कोणत्याही पदकाच्या यादीत उठून दिसत नाही, पण काचा ज्या बाजूला फुटल्या ती बाजू बघितली की किती जीव वाचले असतील याचा अंदाज येतो.

फायरमन काय करत होते, तर जे नेहमी करतात तेच. होज म्हणजे पाण्याचे पाइप ओढत होते. जवळ हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, नव्हता, पाणी लांबून आणायचं होतं. आणि त्यांच्या मनात भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची, कारखान्यात अनहायड्रस अमोनियाच्या टाक्या होत्या, त्या फुटल्या तर विषारी वायू गावावर जाईल. गावातल्या प्रत्येकाला त्या टाक्या माहीत होत्या कारण त्या दिसायच्या. जे दिसत नव्हतं ते लाकडी गोदामात लाकडाच्याच कप्प्यांत पडलं होतं, अमोनियम नायट्रेट, शेतात टाकायचं पांढरं दाणेदार खत, ४० ते ६० टन.

७:५१ ला त्यातलं साधारण ३० टन एकदम फुटलं.

भूकंपमापकावर २.१ ची नोंद झाली. ९३ फूट रुंद खड्डा पडला. १५ माणसं गेली, २६० पेक्षा जास्त जखमी झाली, १५० च्या वर इमारतींचं नुकसान झालं. पंधरापैकी १२ जण आग विझवायला किंवा मदतीला गेलेले, ९ व्हॉलंटियर फायरमन, तो ड्युटीवर नसलेला कॅप्टन, आणि ते दोन गावकरी. उरलेले तिघे आजूबाजूचे रहिवासी.

नंतरची रात्र पोलीस, अँब्युलन्सवाले आणि शेजारच्या गावांतून धावून आलेल्या लोकांची. हायस्कूलच्या फुटबॉल ग्राउंडवर जखमींना आणून कोणाला आधी न्यायचं ते ठरवलं जात होतं, अँब्युलन्सचं स्टेशन स्वतःच मोडलेलं, आणि ज्यांनी हे सगळं सांभाळायचं त्यांच्यातलेच कितीतरी ढिगाऱ्याखाली. त्या रात्री काम करणाऱ्या पोलिसाला हे माहीत होतं की रेडिओवर जो आवाज येत नाहीये तो त्याच्या ओळखीचा आहे. सन्मानाच्या यादीत गेलेल्यांची नावं आधी येतात, ते ठीकच आहे, पण जिवंत राहिलेल्याला त्या रात्रीचं ओझं घेऊन दुसऱ्या दिवशी परत ड्युटीवर जावं लागतं आणि त्याच्यासाठी कोणी घंटा वाजवत नाही.

हे कोणाला माहीत नव्हतं का?

माहीत होतं. हाच तर या प्रकरणातला सगळ्यात त्रासदायक भाग आहे.

अमोनियम नायट्रेट स्वतः पेट घेत नाही, पण ते ऑक्सिजन पुरवणारं रसायन आहे, साधारण १७० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यात काजळी, लाकूड, तेल असलं काही मिसळलं आणि कोंडलं गेलं तर ते स्फोटकासारखं वागतं. म्हणजे लाकडी कप्प्यात ठेवलेलं, लाकडी छपराखाली आग लागलेलं अमोनियम नायट्रेट ही जवळजवळ तयार रेसिपीच.

आणि टेक्सासला हे पहिल्यांदा कळत होतं असंही नाही. १६ एप्रिल १९४७ ला, म्हणजे वेस्टच्या बरोबर ६६ वर्षं आणि १ दिवस आधी, टेक्सास सिटीच्या बंदरात ग्रँडकॅम्प नावाच्या जहाजावर हेच खत पेटलं. तिथल्या व्हॉलंटियर दलात २८ जण होते, २७ त्या स्फोटात गेले. एकूण मृत्यू ५८० च्या आसपास, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा औद्योगिक अपघात. १९८८ मध्ये कॅन्सस सिटीत अमोनियम नायट्रेट आणि तेलाचं मिश्रण असलेल्या ट्रेलरना आग लागली, ६ फायरमन गेले. प्रत्येक वेळी स्मारक झालं. प्रत्येक वेळी फायरमन नव्याने जळत्या ढिगाकडे होज घेऊन गेले.

आता उलटं उदाहरण बघा. २००९ मध्ये टेक्सासमध्येच ब्रायन शहरात अशाच एका खताच्या गोदामाला आग लागली. तिथल्या फायर दलाने काय केलं, तर मागे सरकले, हजारो लोकांना घराबाहेर काढलं आणि गोदाम जळू दिलं. स्फोट झाला नाही, कोणी गेलं नाही. वेस्टहून काही तासांच्या अंतरावर, फक्त चार वर्षं आधी. ब्रायनचं नाव मी हे प्रकरण वाचायला घेईपर्यंत ऐकलं नव्हतं, तुम्हीही बहुतेक ऐकलं नसेल, आणि मला वाटतं की सन्मानाच्या विषयातली खरी गाठ इथेच आहे. जो आत जातो आणि परत येत नाही त्याचं नाव दगडावर कोरलं जातं. जो "मागे व्हा" म्हणतो आणि सगळ्यांना रात्री घरी नेतो त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाहीत, उलट गावात कोणीतरी म्हणणार की घाबरला.

२५ एप्रिल

मोठा शोकसमारंभ झाला २५ एप्रिल २०१३ ला, वेकोच्या बेलर युनिव्हर्सिटीच्या फेरेल सेंटरमध्ये. राष्ट्राध्यक्ष ओबामा आले, गव्हर्नर रिक पेरी होते, देशभरातून हजारो फायरमन युनिफॉर्ममध्ये आले, रस्त्यावर बंबांची लांबच लांब रांग. झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, बॅगपाइप आणि शेवटी घंटा. ही घंटा म्हणजे त्यांच्याकडे फार जुनी प्रथा आहे, फायर स्टेशनला तारेने संदेश यायचे त्या काळातली, ठरावीक ठोके देऊन सांगायचं की हा माणूस आपली शेवटची ड्युटी संपवून घरी गेला.

स्फोटाच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिलला बॉस्टन मॅरेथॉनचा बॉम्बस्फोट झालेला. सगळा देश त्या शोधमोहिमेकडे डोळे लावून बसलेला आणि वेस्टची बातमी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर जायला लागली होती. म्हणून राष्ट्राध्यक्ष येणं गावासाठी छोटी गोष्ट नव्हती. समारंभ म्हणजे नुसता देखावा असं म्हणणाऱ्यांशी मी इथे भांडेन. २८०० वस्तीच्या गावाला, जिथे प्रत्येक घरातला कोणी ना कोणी गेलेल्यांपैकी एकाला ओळखत होता, तिथे कोणीतरी येऊन भर सभेत नावं घेणं, तुमचा माणूस पगार न घेता गेला हे देशाला सांगणं, याची गरज असते.

आणि एक गोष्ट तिथे फार चांगली झाली. त्या बारा जणांमध्ये फरक केला गेला नाही. पगारी कॅप्टन, व्हॉलंटियर, क्लास सोडून आलेले शेजारच्या गावचे, आणि दलात नाव नसलेले दोघे, सगळ्यांना एकाच रांगेत मान मिळाला. स्टेजवर हे सोपं असतं.

कागदावर कोण मोजला जातो

कागदावर इतकं सोपं नसतं. अमेरिकेत १९७६ पासून पब्लिक सेफ्टी ऑफिसर्स बेनिफिट्स नावाचा केंद्र सरकारचा कायदा आहे, ड्युटीवर गेलेल्या पोलीस किंवा फायरमनच्या कुटुंबाला एकरकमी पैसे आणि मुलांच्या शिक्षणाला मदत. २०१३ ला ही रक्कम सव्वातीन लाख डॉलरच्या थोडी वर होती. चांगली गोष्ट म्हणजे व्हॉलंटियरलाही तीच रक्कम, पगारी आणि बिनपगारी असा भेद नाही. माझ्या मते छोट्या गावातल्या फायरमनचा आजवरचा सगळ्यात मोठा सन्मान कुठला असेल तर ही एका ओळीची तरतूद.

पण त्याच कायद्यात व्याख्या आहे, कायदेशीर स्थापन झालेल्या व्हॉलंटियर दलाचा अधिकृत मान्यता असलेला किंवा नेमलेला सदस्य. आता सांगा, आग बघून गाडी थांबवून होजला हात लावणारा गावकरी यात कुठे बसतो? दलाचं रजिस्टर कोणी नीट ठेवलंय, कोणाचं नाव वर्षापूर्वी कटलं, कोणाचं अजून चढवायचंच राहिलं, हे छोट्या गावात सगळं तोंडी चालतं आणि माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला वकिलासमोर बसून सिद्ध करावं लागतं. म्हणून कोणी विचारलं की आमच्या गावच्या दलासाठी काय करू तर माझं पहिलं उत्तर अगदी रुक्ष आहे, सदस्यांचं रजिस्टर अपडेट ठेवा आणि प्रत्येकाचा वारसदाराचा फॉर्म भरून घ्या. पुतळा नंतर.

बाकी पैशांची गोष्ट तर चीड आणणारी. कारखान्याचा दायित्वाचा इन्शुरन्स होता १० लाख डॉलरचा. इन्शुरन्सच्या दाव्यांचं एकूण नुकसान पुढे केमिकल सेफ्टी बोर्डाने, म्हणजे रसायनांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, साधारण २३ कोटी डॉलर धरलं. जूनमध्ये फेमाने म्हणजे केंद्राच्या आपत्ती निवारण खात्याने मोठी आपत्ती जाहीर करायची राज्याची विनंती नाकारली, म्हणजे एप्रिलमध्ये घंटा वाजली आणि जूनमध्ये नकाराचं पत्र आलं. अपील झालं, ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली. ओशाने म्हणजे कामगार सुरक्षेच्या खात्याने ऑक्टोबरमध्ये कंपनीला १,१८,३०० डॉलरचा दंड सुचवला, आणि त्याआधीची त्यांची तिथली तपासणी १९८५ सालची. मी आकडे दोनदा वाचले.

अहवाल म्हणजे अपमान का?

पुढच्या वर्षी राज्याच्या फायर मार्शलचा, म्हणजे आगीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल आला, कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या नायॉश या केंद्रीय संस्थेचा आला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केमिकल सेफ्टी बोर्डाचा अंतिम अहवाल. तिघांचं म्हणणं थोड्या फरकाने एकच. कारखान्यात आग लागली तर काय करायचं याचा आधीपासून प्लॅन नव्हता. जागेवर एक कमांडर ठरवून त्याने लांब उभं राहून चित्र बघायचं, ती पद्धत नीट उभी राहिली नाही. अमोनियम नायट्रेटच्या आगीचं ट्रेनिंग नव्हतं. आणीबाणीत रसायनांसाठी जे नारंगी गाइडबुक गाडीत ठेवतात त्यात तेव्हा अशा रसायनाची मोठी टाकी किंवा वॅगन आगीत सापडली तर ८०० मीटर लांब व्हा असं होतं, आणि हे लोक होते अगदी जवळ.

असं काही छापून आलं की गावात राग येणारच. माझा भाऊ गेला आणि तुम्ही म्हणताय त्याने चूक केली? मला हा राग समजतो. पण अहवाल वाचताना मला तरी कुठे त्या लोकांना कमी लेखल्यासारखं वाटलं नाही. बोट दाखवलंय ते वरच्या थरांकडे. लाकडी गोदाम, स्प्रिंकलर नाही. लहान काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, स्वतःचा फायर कोड म्हणजे आगीपासून सुरक्षेचे नियम लावायची राज्याच्या कायद्याने मुभाच नाही. ओशा आणि ईपीए (पर्यावरणाचं केंद्रीय खातं) यांच्या सगळ्यात कडक नियमांच्या यादीत अमोनियम नायट्रेट नाहीच. व्हॉलंटियरला कोणी शिकवलं नाही आणि न शिकवता त्याच्या धाडसावर सगळी व्यवस्था उभी होती, फुकटात.

यात आपल्याशी जोडणारा एक धागा आहे. अमेरिकेत कारखान्यांना दरवर्षी आपल्याकडे कुठलं घातक रसायन किती आहे याचा फॉर्म भरून राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला द्यावा लागतो, त्याला टियर टू म्हणतात, तो कायदा १९८६ चा, आणि तो आला भोपाळच्या वायुकांडानंतर. भोपाळमध्ये जे गेले त्यांच्यामुळे टेक्सासच्या फायरमनला आपल्या गावात काय साठवलंय हे कळायचा हक्क मिळाला. वेस्टच्या कंपनीने २०१२ चा फॉर्म भरलाही होता, त्यात जास्तीत जास्त २७० टन अमोनियम नायट्रेट लिहिलेलं. म्हणजे माहिती होती. कागद होता. फक्त त्या संध्याकाळी होज धरणाऱ्याच्या डोक्यात तो नव्हता, कारण कोणी कधी त्याला गोदामात नेऊन हे बघ, हे पांढरं जे आहे ना, हे पेटलं तर पळायचं, असं सांगितलं नव्हतं.

आग लागली कशी हे अजून लटकलेलंच आहे. मे २०१६ मध्ये एटीएफने, म्हणजे स्फोटकं आणि जाळपोळीचा तपास करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, जाहीर केलं की ही आग मुद्दाम लावलेली होती, ५०,००० डॉलरचं बक्षीसही लावलं, पण आग लावल्याचा आरोप कोणावर ठेवला गेला नाही. सगळ्यांना हे पटलं असंही नाही. कुटुंबांसाठी ही वेगळीच अडकलेली जागा, अपघात म्हणून रडायचं की खून म्हणून.

मग बदललं काय

थोडं बदललं. २०१५ मध्ये टेक्सासने कायदा केला, अमोनियम नायट्रेटपासून पेट घेणाऱ्या वस्तू ३० फूट लांब ठेवायच्या आणि फायर मार्शलला आत जाऊन तपासणी करायचा अधिकार. केंद्रात ओबामांनी ऑगस्ट २०१३ मध्ये आदेश काढला, ईपीएचे नवे नियम २०१७ मध्ये आले, २०१९ मध्ये पुढच्या सरकारने त्यातले बरेच मागे घेतले, २०२४ मध्ये परत वेगळे आले. नियमांचा हा झोपाळा चालू आहे.

व्हॉलंटियरच्या बाजूने एक छोटी पण खरी गोष्ट झाली. काही राज्यं आणि गावं आपल्या व्हॉलंटियरना घरपट्टीत सूट किंवा थोडा भत्ता देतात, पूर्वी केंद्र सरकार त्यावरही इन्कम टॅक्स लावायचं, म्हणजे एका हाताने दिलं दुसऱ्याने घेतलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये ही सवलत करमुक्त ठेवायचा नियम कायमचा केला, भत्त्यासाठी मर्यादा महिन्याला ५० डॉलर. ५० डॉलरमध्ये काय येतं? पेट्रोल येतं. रात्री दोनला स्वतःच्या गाडीतून स्टेशनला जायचं पेट्रोल. मला ही तरतूद कुठल्याही भाषणापेक्षा जास्त आवडते.

३१ जानेवारी २०२२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरात एका खत कारखान्याला आग लागली. आत साधारण ६०० टन अमोनियम नायट्रेट, वेस्टच्या कितीतरी पट. फायरमन पोचले, सुरुवातीला पाणी मारलं, मग आत काय आहे आणि किती आहे हे कळल्यावर सगळ्यांना मागे घेतलं. एक मैलाच्या परिसरातल्या सुमारे ६५०० लोकांना घराबाहेर पडायला सांगितलं, पोलीस आणि फायरमन दारोदार फिरले. बातम्यांत वेस्टचं नाव सारखं येत होतं.

बरोबरी करायची नाही, विन्स्टन-सेलम मोठं शहर आहे, पगारी दल, घातक रसायनं हाताळणारी हजमॅट टीम, सगळं आहे. वेस्टच्या माणसाला मागे हो म्हणणं म्हणजे वेगळी गोष्ट, त्याच्या पाठीमागे त्याची आजी असलेलं नर्सिंग होम आहे, समोरच्या गोदामात त्याचा मित्र काम करतो, आणि उद्या सकाळी पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर त्याला याच लोकांना तोंड द्यायचंय. त्याला मागे सरकता यावं म्हणून कोणीतरी आधी येऊन गोदाम दाखवलेलं असलं पाहिजे, प्लॅन कागदावर पाहिजे, नर्सिंग होम कोण रिकामं करणार हे पोलिसांशी बोलून ठरलेलं पाहिजे, आणि गावाला आधीच सांगितलेलं पाहिजे की अमुक इमारत पेटली तर आम्ही ती जळू देणार आहोत.

विन्स्टन-सेलममध्ये लोकांनी टीव्हीवर कारखाना जळताना बघितला. छप्पर कोसळलं, धूर दिवसेंदिवस शहरावर होता, सगळे वैतागले. स्फोट झाला नाही. काही दिवसांनी लोक परत आले, कुलूपं उघडली, फ्रीजमधलं खराब झालेलं दूध ओतून दिलं.